खराब मालाची खिडकी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर चुकांची माफी असावी. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहून काढते.

परंदवडीजवळ गुलाबांचं पॉलिहाऊस आहे. तिथल्या पॅकिंग शेडमध्ये मी गड्ड्या बांधते. वीस फुलांची एक गड्डी. तिला स्टिकर लावायचं आणि स्कॅनर दाखवायचा, की टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ‘टिक’ वाजून गड्डी मोजली जाते. बांधताना फुलांच्या माना मोडल्या, तर पडद्यावर ‘खराब माल’ नावाची वेगळी खिडकी उघडायची, ती गड्डी तिथं मोजायची आणि खिडकी बंद करायची. ठरावीकपेक्षा जास्त खराब निघाल्या, तर हजेरीतून पैसे कापतात.

पावसाळ्याआधी नवा प्रोग्रॅम आला आणि माझी हजेरी कापली जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात थोडी, मग जवळजवळ अर्धी. सुपरवायझर भाऊ कागद घेऊन टेबलाशी आले.

“मावशी, गुलाब हायेत का मेथीच्या जुड्या? निम्म्या गड्ड्या खराब?”

मी हातातल्या गड्डीला स्टिकर लावलं.

“आन् त्याच गड्ड्या चांगल्यातबी मोजल्यात. खराब माल चांगल्यात घुसवताय व्हय?”

माझी जीभच उचलली नाही. दिवसाला दोन-तीनच गड्ड्या खराब निघत होत्या आणि त्या मी न चुकता नोंदवत होते. शेजारच्या टेबलावर सुदुंबऱ्याची बाई असते. वयानं मोठी, बोलायला फटकळ, पण डब्यातली भाजी आधी मला देणारी. भाऊ गेल्यावर ती हळूच म्हणाली, “तू लय शानी. नोंद कशाला करती? माझ्याकडं खराब निघतच न्हाई बग. फकस्त कचऱ्याची टोपली पोटुशी ऱ्हाती.”

मला हसू आलं, पण घरी गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी मान मोडलेली गड्डी मी पाल्याखाली टोपलीत सरकवली. आठ दिवस तसंच केलं. कापणं बंद झालं. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, “मावशी सुधारल्या की!” खरं करत होते तेव्हा चोर ठरले आणि लपवायला लागले तेव्हा शाबासकी मिळाली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठ दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. आता स्कॅनर दाखवला की दिवसभर एकच टिक वाजत होतं. आधी सकाळी एक वाजायचं, मग दोन, दुपारनंतर तीन-तीन. मला वाटायचं, कॉम्प्युटर जुना झालाय. पण एकाचं दोन व्हायचं ते खराबची खिडकी उघडून बंद केल्यावरच. आता मी ती उघडतच नव्हते.

प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी सोमाटण्याहून शनिवारी आली. माझ्याच टेबलाशी बसली, म्हणून धीर केला.

“ताई, टिक दोनदा वाजतं.”

“कधी, मावशी?”

“खराबची खिडकी एकदा उघडली की. बंद केली तरी.”

तिनं खिडकी उघडली, बंद केली आणि स्कॅनर दाखवला. दोन टिक. पुन्हा तसंच केलं. तीन टिक. तिचा चेहरा उतरला.

“माझी चूक आहे, मावशी. स्कॅनरनं वाचलं की मोजायचं, हे काम मी एकदाच लिहिलं आणि दोन्ही खिडक्यांना तेच दिलं. पण खिडकी बंद होताना तिचं काम काढून घ्यायला विसरले. ती दिसत नाही, पण ऐकत राहते. तुमची प्रत्येक चांगली गड्डी खराबातही मोजली गेली.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात मागून भाऊंनी विचारलं, “मग गेले आठ दिवस कसं काय बरोबर आलं?”

गप्प राहिले असते तर सुटले असते. पण ती मुलगी पुन्हा पडद्याकडे वळली, चूक अजून कुठं आहे ते शोधायला.

“मी खिडकी उघडलीच न्हाई,” मी म्हणाले. “खराब गड्ड्या टोपलीत टाकल्या. सतरा होत्या.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलाकडे. तिथं कधीच खराब निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. सोमवारपासून सगळ्यांच्या टोपल्या तपासायला लागले.

सुदुंबऱ्याची बाई आता माझ्याकडे पाठ करून जेवते. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, पण ते सांगायला गेले तर ती म्हणाली, “तुला तोंड फुटलं, ते माज्याच टायमाला व्हय?”

मुलीनं दोनदा मोजलेल्या गड्ड्यांची यादी काढून दिली. कापलेले पैसे परत देताना माझ्या सतरा गड्ड्यांचे त्यातून वजा करा, असं मीच सांगितलं. निम्मे पैसे त्या पगाराला मिळाले. बाकीच्यासाठी भाऊ “बघू, बघू” म्हणत राहिले आणि मी दर आठवड्याला त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काल त्यांनी पाकीट दिलं. मी तिथंच मोजलं. सगळे होते.