थोरल्याचं दारं

पलूसजवळच्या वस्तीवरचा अर्जुना एकाहत्तरच्या लढाईतून परतला तो कपाळाच्या हाडाचा तुकडा गमावून. फौजेतल्या डॉक्टरांनी त्याची बायको शालूबाई हिला बजावले होते, की बुद्धी शाबूत आहे, स्मृती शाबूत आहे. दोहोंतले एक निवडणारा मेंदूचा भाग तेवढा गेला. अर्जुना पाढे बिनचूक म्हणे आणि दोन पायताणांतले आधी कोणते घालावे यावर उंबऱ्यातच अडून राही.

धाकटा भाऊ भाऊसो याला हे वरदानच वाटले. चार पाहुणे जमले की तो विचारी, "दादा, च्या घेतोस का ताक?" अर्जुना दोन्ही पेल्यांकडे पाही, ओठ हलवी, भाऊसो मांडीवर थाप मारून हसे. ते हसणे शालूबाईने सोसलेही असते. पण सामायिक विहिरीच्या पाटाचे दारे मोडायचे, म्हणजे पाणी कुणाच्या वावरात वळवायचे, ते थोरल्यानेच, अशी त्या घरची रीत. "त्येला ठरवाय येत न्हाई, वैनी," म्हणत भाऊसोने खोरे स्वतःकडे घेतले आणि दोन उन्हाळे सारे पाणी आपल्या उसाला पाजले. शालूबाईचा ऊस उभ्याने वाळला. घरातल्या घरात झालेल्या अशा चोरीची फिर्याद कोणते न्यायालय दाखल करून घेते?

शालूबाई भांडली नाही. तिने नवरा निरखला. प्रश्न पडला की तो थिजतो. अवजार मुठीत आले की मात्र जुन्या सवयीने हात आपण होऊन चालतो, हे तिने हेरले.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात तिने भावकीतल्या वडीलधाऱ्यांना पाटावर बोलावले. भाऊसो हसतच आला. "थोरल्यानं दारं मोडून दावावं. मग मी खोऱ्याला शिवणार न्हाई, आईची आण!"

शालूबाईने काही न विचारता खोरे अर्जुनाच्या हाती दिले. त्याने धोतर खोचले, लढाईआधी करी तसे भाऊसोच्या, खालच्या वावराचे तोंड मातीने बुजवले आणि आपल्या, वरच्या वावराचे दारे मोडले.

"लय झ्याक, गड्या!" भावकीतले म्हातारे आण्णा ओरडले. भाऊसोचे हसू जागीच विरले.

पंधरवड्यात खालचा ऊस करपू लागला. भाऊसो धावत पाटावर आला. "आवं वैनी, पाणी सोडाया सांगा की त्येला!"

"मी कोन सांगनार? थोरल्याचा मान हाय." तिने अर्जुनाच्या हातातले खोरे हळूच काढून घेतले आणि गोड आवाजात विचारले, "आवं, पाणी खाली द्यायचं, का वर?"

अर्जुना दोन्ही तोंडांकडे आळीपाळीने पाहू लागला. त्याचे ओठ हलू लागले. पाणी वरच वाहत होते.

शालूबाईने बांधावर बसून भाकरीचे फडके सोडले. "दम धरा, भावजी," ती म्हणाली. "ठरवाय लागल्यात."