अर्धा कोयता

दुष्काळात चकलांब्याकडचं एक गाव उठून बीडच्या माळावर आलं, ते भांडण बरोबर घेऊनच. सोसायटीच्या निवडणुकीत गावाचे दोन पॅनल झाले होते. माळावर त्यांच्या दोन गल्ल्या झाल्या. कुणाचा शब्द कुणाला लागू नये म्हणून मधे रुंद पट्टी सोडली. नगरपालिकेला शाळेसाठी एवढी मोकळी जागा दुसरीकडे सापडली नाही. भांडणाचा असा सार्वजनिक उपयोग क्वचितच होतो.

सरूबाईची छबू त्या शाळेत चौथीला. दरसाल दिवाळी झाली की ती आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायची आणि पाढे माळावरच राहायचे.

"आवो, म्या न्हाई येत अवंदा," सरूबाई नवऱ्याला म्हणाली. "पोरीची शाळा बुडती."

जालिंदरचा घास हातातच राहिला. कारखान्याच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. सहकाराचं तत्त्व इथं मात्र काटेकोर पाळलं जाई.

"अर्ध्या कोयत्याला कोन मुकादम पुसतोय?"

सरूबाई पट्टीपलीकडं बघत राहिली. उतरत्या उन्हात धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत राधाकिशन कोयत्याला धार लावत बसला होता. त्याची बायकोही पोरासाठी मागं राहणार, हे तिला शाळेच्या दारातच कळलं होतं.

"तिकडं बी अर्धाच हाय."

"डोकं फिरलं का तुजं? त्यानं आमच्या पॅनलचा मांडव जाळला!"

"मंग आता ऊस तोडंल की."

मुकादम आश्रुबानं दोघांची एक जोडी धरली आणि गंभीरपणे विचारलं, "बायको कोन बे तुमच्यात?"

"ज्याला भाकर जमती तो," राधाकिशन म्हणाला. दोघांनाही जमत नव्हती.

गाड्या गेल्या. दुपारी पाढ्यांचा सूर दोन्ही गल्ल्यांवरून वाहत जाई. सरूबाईचा डोळा लागता लागता तो उसाच्या वाळल्या पाचटासारखा सळसळे, अंथरूण बैलगाडीसारखं डुलू लागे, आणि हिरव्या उजेडात दोन वैरी एकाच सरीतून पुढं सरकताना दिसत. एकानं मोळी बांधलेली, दुसऱ्यानं उचललेली. जाग आली की छबू अजून सतराच्या पाढ्यातच असे.

उन्हाळ्यात माणसं परतली. छबू पाचवीत गेली. जालिंदर आणि राधाकिशन आपापल्या गल्लीत शिरले ते एकमेकांकडं न बघता.

पुढच्या हंगामाला आश्रुबा माळावर आला. "औंदा पुरा कोयता कुनाचा?"

सरूबाईनं छबूचा हात घट्ट धरला. दोन गल्ल्यांतून दोघं निघाले, शाळेच्या भिंतीला दोन बाजूंनी वळसा घालून एकाच जागी येऊन उभे राहिले. तोंडं मात्र दोन दिशांना.

आश्रुबानं होकारार्थी मान डोलावली. सरूबाईनं छबूचा हात सोडला. शाळेची घंटा झाली होती.