थेंब आत जाऊ नये म्हणून

गणपती उठले त्याच आठवड्यात मारुंजीच्या रस्त्यावर माझी गाडी घसरली. पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला, रस्ता ओला होता, मी उजव्या हातावर आपटलो. मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि हात गळ्यात अडकवून दिला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला हाताची काळजी कमी आणि खोलीतल्या नायट्रोजनची जास्त होती.

हे जरा सांगायला हवं. नोकरी माझी हिंजवडीत, इतरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायची. पण जीव अडकलाय तो एका वेगळ्याच छंदात. कॉम्प्युटरचा प्रोसेसर ज्या वेगासाठी बनवलेला असतो त्याच्या कितीतरी पुढे त्याला पळवायचं. पळवला की तो तापतो. म्हणून त्याच्यावर जाड बुडाचं तांब्याचं भांडं घट्ट बसवायचं आणि त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतत राहायचं. शून्याच्या खाली दोनशेच्या आसपास थंड असतो तो. आमचा चार-पाच जणांचा गट आहे, सगळे वेगवेगळ्या शहरांत. सगळ्यांनी एकाच जातीचा प्रोसेसर घ्यायचा आणि ठरलेल्या रविवारी कोण किती पळवतो ते बघायचं. बक्षीस काही नाही. हौस.

खरा शत्रू थंडी नाही, हवा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच त्या भांड्याला आणि प्रोसेसर बसलेल्या बोर्डाला फुटतो. आधी पांढरं हिम धरतं, मग ते पाघळतं, आणि एक थेंब जरी नको तिथे उतरला तरी बोर्ड गेला. म्हणून आधी सगळा बोर्ड असा झाकायचा की हवेला आत शिरायला फटच राहू नये. या कामाला सबंध दिवस लागतो आणि दोन धड हात लागतात. माझ्याकडे एकच उरला होता, तोही डावा. आणि नायट्रोजन काही प्लास्टर निघेपर्यंत थांबणार नव्हता. बंद भांड्यातूनही तो रोज थोडाथोडा उडून जातो.

दुसऱ्या दिवशी भरे गावाहून आक्का आली. माझी थोरली बहीण. शेळ्या सासूच्या हवाली करून, डब्यात नाचणीच्या भाकरी बांधून ती आली होती. दाजी जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. फोन केला तर "हां", "बरं हाय", "ठेवते". एवढंच.

खोलीत शिरली आणि कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या भांड्याकडे बघून थबकली.

"आरं, ह्ये तर जनावराच्या डॉक्टरचं भांडं! गाय भरवायला येतो तवा मोटरसायकलला बांधून आणतो तसलं."

"तेच ते. आत नायट्रोजन आहे."

"मंग हितं कुणाची गाय हाय?"

मी हसलो. ती हसली नाही, पण बसली आणि ऐकत राहिली. मला वाटलं, बरं झालं, हिला तेवढाच विरंगुळा. मी बोर्ड दाखवला, काळा रबरी फोम दाखवला, चित्रकलेच्या दुकानातून आणलेलं मळायचं खोडरबर दाखवलं. हिम कसं धरतं, त्याचं पाणी कसं होतं, सगळं रंगवून सांगितलं.

"ह्यात करंट असतो?" तिने मधेच विचारलं.

"असतो की."

"आन् त्येच्यावर पाणी पडतं?"

"पडू नये म्हणून तर एवढा खटाटोप."

ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाजी शेतातली मोटार चालू करायला गेले होते. पावसाने स्टार्टरची पेटी ओली झाली होती. पेटीला हात लावला तो लावलाच. आणि मी तिला पाणी आणि करंट यांच्या गमती सांगत बसलो होतो. त्या संध्याकाळी तिने डब्यातल्या भाकरी वाढल्या. गटाला कळवून टाकायचं, या खेपेला मी नाही, असं मी मनात ठरवलं.

सकाळी चहाचा कप माझ्या डाव्या बाजूला ठेवून ती समोर बसली.

"ह्ये बिघडलं तर तुला शॉक बसंल का?"

"नाही आक्का. बोर्डात अगदी थोडा करंट असतो, हाताला कळणारसुद्धा नाही. मेला तर बोर्ड मरेल."

"आन् भिंतीतला?"

"तो या लोखंडी पेटीत येतो. पेटी बोर्डापासून लांब ठेवतात."

"किती लांब?"

"तू म्हणशील तेवढी."

तिने वायर पुरेल तितक्या लांब, स्टुलावर, ती पेटी ठेवायला लावली. खाली लाकडी पाट घातला. मग हात धुतले, पुसले, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसले.

"सांग आता. कुटनं सुरुवात करायची?"

पारदर्शक कोटिंगचा फवारा मी अपघाताच्या आधीच मारून ठेवला होता. आता मेमरीच्या खाचांत आणि प्रोसेसरच्या सॉकेटभोवती पाणी अडवणारी, व्हॅसलीनसारखी जेली भरायची होती. तिने बोर्ड उजेडाकडे तिरका धरला.

"ही खाचरं हायेत व्हय? भाताच्या खाचरावानी दिसत्यात."

"हो, खाचरंच. ती भर."

त्यानंतर खोडरबर. ते मळून मऊ करायचं आणि बारीक बारीक भागांमधल्या जागेत दाबत न्यायचं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथेच दव धरतं. मी बाजूला बसून सूचना करत होतो. इथे दाब, तिकडे पातळ झालं, तो कोपरा राहिला. थोड्या वेळाने ती वैतागली.

"तू जरा गप ऱ्हा. न्हाईतर घे आन् कर डाव्या हातानं."

मी गप्प राहिलो. दुपारी खाचरांच्या कडेने तिने खोडरबराची जाडसर कड उभी केली आणि म्हणाली, "बांध घातला." मला ते चांगलं वाटलं. मग फोम कापायचा होता, भांड्याच्या मापाचं गोल भोक पाडून. पहिल्या खेपेला तिच्याकडून भोक मोठं झालं, तुकडा वाया गेला. दुसऱ्या खेपेला माप मी चुकीचं सांगितलं. आम्ही एकमेकांवर ओरडलो. खाली राहणाऱ्या मालकीणबाई वर येऊन विचारून गेल्या, काय चाललंय. आक्काने त्यांना सांगितलं, "मशीनीला गोधडी शिवतोय." त्या काही न समजताच खाली गेल्या. वर्षभरात आक्काच्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तयार झालो. आत थंड वाफ पसरते आणि श्वासाची हवा बाहेर ढकलते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात. आणि बाहेर तर मुळशीकडून आलेलं धुकं, भुरभुर पाऊस. म्हणजे जीव सांभाळायचा तर ओली हवा आत घ्यायची. दोघांनी चष्मे घातले, तिने ढगळ हातमोजे चढवले. भांड्याभोवती टिपकागदाच्या घड्या गुंडाळल्या. कीबोर्डवर माझा डावा हात, आणि स्टीलच्या थर्मासातून ओतायला आक्का.

पहिली धार पडली तशी भांडं चरचरलं आणि पांढऱ्या वाफेचा लोट टेबलावरून खाली सांडला. ती मागे सरली, पण धार सोडली नाही. तापमान भराभर उतरलं. भांड्याच्या ओठावर हिम चढलं, मग फोमच्या कडेवर. मी वेग वाढवत गेलो. चाचणी पुरी झाली, वेगाचा आकडा आला, माझ्या आधीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा वरचा.

"अजून ओत," मी म्हणालो. "थोडं अजून."

तिने ओतलं, आणि पडदा काळा झाला. पंखा तेवढा फिरत होता.

मी काही बोलायच्या आत तिने थर्मास खाली ठेवला, धावत जाऊन भिंतीतला प्लग उपसला आणि माझ्या दंडाला धरून मला मागे खेचलं. "सर मागं! हात लावू नगंस! लावू नगंस!" प्लग तिच्या मुठीत तसाच होता.

"आक्का, काही झालं नाही. फार थंड झाला की प्रोसेसर थांबतो. थोडा गरम झाला की चालतो. तुझं काही चुकलं नाही. मीच ओत म्हणालो."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तवाबी असंच समदं गप झालं व्हतं," ती म्हणाली. "मी भाकरी घिऊन निघाले व्हते. बांधावरनं मोटारीचा आवाज येतो रोज. त्या दिशी न्हाई आला. मला वाटलं, लाईट गेली असंल. मी रमत गमत गेले रं. फुलं तोडत गेले."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. फुलांचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, स्वतःच्या पोरीला नाही. डॉक्टर म्हणाले होते की दाजी जागच्या जागी गेले, तू पळत गेली असतीस तरी उपयोग नव्हता, हे मी सांगितलं. तिला ते माहीत होतं. तरी तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं. मग ती रडली, पदर तोंडात न कोंबता, मोकळी रडली. तांब्याच्या भांड्यात उरलेला नायट्रोजन हळूहळू उकळत होता. तो संपला. मी उठलो नाही.

तिचंच लक्ष गेलं. "ते पांढरं पाघळाय लागलं."

"लागू दे."

"लागू दे काय? पाणी हुईल त्येचं." तिने नाक पुसलं. "आता काय करायचं असतंय?"

"एक तर सगळं काढून वाळवायचं. नाहीतर लगेच परत ओतायचं, म्हणजे पुन्हा गोठेल."

"हाय का उरलेलं?"

"आहे थोडं."

ती उठली. मुठीतल्या प्लगकडे बघत क्षणभर उभी राहिली. मी म्हणालो, दे, मी लावतो. तिने मान हलवली. हातमोजा काढला, तळवा साडीला पुसून कोरडा केला, पायात माझ्या रबरी चपला सरकवल्या आणि प्लग भिंतीत लावला. बटण दाबलं. बोर्डावरचा बारीक दिवा लागला. तिने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

या खेपेला मी घाई केली नाही. तिने धार बारीक ठेवली. आकडा पहिल्यापेक्षा थोडा पुढे गेला. नायट्रोजन संपला तेव्हा मी गटाला व्हिडिओ कॉल लावला. मी शेवटून दुसरा होतो. एकाचा बोर्ड त्याच सकाळी पाणी शिरून मेला होता, तोच माझ्याखाली. त्याने विचारलं, एका हाताने झाकलंस कसं? मी फोन आक्काकडे वळवला. सगळे टाळ्या वाजवू लागले. ती गोंधळली, पदर सावरला आणि त्या बोर्ड मेलेल्याला म्हणाली, "असू दे बाबा. तुला तर काय झालं न्हाई ना?" त्याला मराठी येत नव्हतं. मी हिंदीत सांगितलं. त्याने हात जोडले.

गरम हवेचा झोत मारून आम्ही भांडं सोडवलं आणि फोम सोलून काढला. आत सगळं कोरडं होतं. फक्त मागच्या बाजूला एका स्क्रूच्या भोकापाशी पाणी उतरलं होतं. ती जागा दोघांच्याही नजरेतून सुटली होती. पुढे जेलीपाशी येऊन ते अडलं होतं. तिने कापसाने ते टिपलं आणि बोर्ड पंख्याखाली ठेवला.

माझं प्लास्टर निघेपर्यंत ती राहिली. त्या दिवसांत दाजींचं बरंच बोलली. चहात साखर जास्त म्हणून ते कसे भांडायचे, शेळी व्याली की अख्ख्या आळीला कसे सांगत सुटायचे, भजनात कसे बेसूर ओरडायचे. मी भाजी निवडत ऐकायचो. मला दाजी असे होते हे ठाऊकच नव्हतं. माझ्यासमोर ते नेहमी पाहुण्यासारखे गप्प बसायचे.

जायच्या दिवशी मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीपाशी बसून तिने पिशवी मांडीवर घेतली. बस निघाली तेव्हा ती शेजारच्या बाईशी बोलायला लागली होती. मी हात केला, तिचं लक्षच नव्हतं.