वढायचं न्हाई

कवठे महांकाळला आमच्या छोट्या ट्रॅक्टरला मागे खोदायचा हात बसवलाय. तो चालवणारा गडी बोलायला कंजूष. खोदण्याआधी ट्रॅक्टरचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीवर टेकवतो, गिअरचा दांडा हलवून बघतो आणि स्वतःलाच सांगतो, "न्यूट्रल हाय."

चार वर्षांपूर्वी मी साठीची पोरगी होते, अक्कल यायची होती. द्राक्षबाग पाण्यावाचून सुकत होती, पाइपलाइनचा चर अर्धाच झाला होता आणि खोदायच्या हाताची बकेट खडकाखाली अडकली.

"गिअर टाक, वढ पुढं!" मी ओरडले.

"आवं आक्का, तसं वढलं तर गिअरबॉक्सचं दात जात्यात."

"माझं गेलं की! म्हणून मी थांबली व्हय?"

तो हसला नाही. इंजिन बंद करून, पहार घेऊन चरात उतरला. तासभर खडक ठोकत होता. वेलींनी माना टाकलेल्या. मला राहवेना. मी सीटवर चढले, गिअर टाकला, चालू करायला हात घातला. चावीच नव्हती.

"चावी माझ्या खिशात हाय, आक्का," चरातून आवाज आला. "तुमी चढणार, ठावं हुतं."

मी वळून पाहिलं. त्याचं डोकं बकेटपासून वीतभरही लांब नव्हतं.

मी गुपचूप गिअर काढला.