पूर्णेत प्रिंटर

वऱ्हाडातलं कुठलंही माणूस कोणत्या फाट्यावर उतरतं हे ज्यांना ठाऊक आहे असे एकच गृहस्थ या पृथ्वीवर आहेत, आणि ते सात वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसत होते. माणसाच्या नावावर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. नाव काय, लग्नात बदलतं, आधार कार्डावर चुकतं, घरी एक आणि शाळेत दुसरंच असतं. उतरायची जागा मात्र पक्की. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस यापेक्षा वेगळा विचार करणार नाही हे मला आता कळतं. पण तेव्हा मी त्यांना रीतसर डेटा एंट्रीसाठी घेतलं होतं आणि डेटा एंट्रीत नावाला थोडंफार महत्त्व असतं अशी माझी समजूत होती.

आमची संस्था लहान आहे. अमरावतीला चार खोल्या, अकोल्याला दोन. ज्या लेकरांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासायचे आणि त्यांना श्रवणयंत्र बसवून द्यायचं, एवढंच काम. कंडक्टर भाऊंना (सगळं ऑफिस त्यांना याच नावानं हाक मारी) आमच्याकडे त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते आणि तेवढ्यात भाऊंनी घरात मागच्या दारानं चढायचं आणि पुढच्या दारानं उतरायचं असा नियम लावला होता. "ताई, ह्यायले कुठं तरी बसवा," त्या म्हणाल्या. "मले माह्याच घरात फिरू देऊन नाई राहिले." मी भाऊंना विचारलं, कॉम्प्युटर येतो का? त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे शांतपणे पाहिलं. "येत त् नाई. पण थांबला का चढता येते." एवढ्या प्रामाणिक उत्तरावर मी आजवर तीन-चार पदवीधरांना नाही म्हटलं आहे, पण त्यांना हो म्हटलं.

बसवा असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं असलं तरी ते बसत मात्र क्वचित. बहुतेक काम उभ्यानंच चाले; डाव्या हातानं कपाटाची मूठ धरायची आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचं. ऑफिसला अचानक ब्रेक लागला असता तर आम्ही सगळे पडलो असतो, भाऊ तेवढे उभे राहिले असते. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना ते कानामागचं पेन काढून त्याच्या डब्यावर दोनदा टकटक करीत, मगच बटण दाबत. दोन टकटक म्हणजे गाडी निघू द्या, एक म्हणजे थांबवा. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करण्याला ते "डेपोत लावणं" म्हणत. बैठकीत माझं बोलणं लांबलं की टेबलावर एक टक ऐकू येई आणि मी वाक्य अर्धवट टाकून गप्प होई. माझ्या बैठका त्या सात वर्षांत वेळेवर संपल्या, हे मान्य केलं पाहिजे. फोनवरही तीच तऱ्हा. एखादी बाई सांगू लागे, "मी राधाची आई बोलून राहिली..." की भाऊ मधेच, "ते राहू द्या जी. उतरता कुठं?" ती सांगे, दर्यापूरच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. "हां, मंग तुमच्या पोरीचं डाव्या कानाचं यंत्र शिट्टी मारून राहिलं असन." आणि खरोखरच शिट्टी मारत असे.

पण त्यांची खरी करामत स्क्रीनवर होती. तिथं त्यांनी वऱ्हाड वसवलं होतं. प्रत्येक गावाचं एक पिवळं फोल्डर, आत त्या गावच्या लेकरांच्या कानतपासणीचे स्कॅन केलेले कागद, आणि प्रत्येक फोल्डर माऊसनं ओढत नेऊन गाव असेल त्याच दिशेला ठेवलेलं. उजवीकडे मध्यावर अमरावती, तिच्या डोक्यावर चांदूर बाजार, डाव्या अंगाला दर्यापूर, आणखी डावीकडे खाली अकोला, आणि पार खालच्या कोपऱ्यात पातूर. मधून एक रिकामी वाकडी पट्टी गेली होती. ती पूर्णा. एकदा प्रिंटर बसवायला आलेल्या माणसानं प्रिंटरचं छोटं चित्र नेमकं तिथं टाकलं, तेव्हा भाऊ तडक उठले. "ओ साहेब, पूर्णेत प्रिंटर ठेवला तुमी." तो माणूस स्क्रीनकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, काढा तो नदीतून. कचऱ्याची टोपली भाऊंनी स्क्रीनच्या उजव्या कडेला, नागपूरच्या दिशेला ठेवली होती. तिकडे कशाला, असं मी विचारलं. "सारे अर्ज तिकडंच जातेत ना ताई. वापस आलेला पाह्यला का कोणता?"

हे सगळं मी सात वर्षं कौतुकानं पाहिलं आणि एक गोष्ट पाहिली नाही. ती का पाहिली नाही, तर भाऊ कुठलाही कागद दोन सेकंदांत काढून देत. असा माणूस समोर असला की कोणी खोलात जात नाही.

मग नवी सिस्टिम आली. जुनीची देखभाल कंपनीनं बंद केली होती आणि आमचे कॉम्प्युटर असेच ठेवले तर लेकरांची माहिती सुरक्षित राहणार नाही, असं सगळीकडून बजावलं जात होतं. काम करायला अकोल्याचे एक कॉम्प्युटरवाले साहेब यायचे होते, आणि त्यांना फक्त गुरुवार मोकळा होता. शनिवारी दर्यापूरला आमचं शिबिर. अडतीस लेकरांना यंत्रं बसवायची होती, नागपूरहून कानाच्या तज्ज्ञ बाई येणार होत्या. प्रत्येक यंत्र त्या त्या लेकराच्या तपासणीच्या कागदावरून जुळवावं लागतं. कागद नसेल तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे त्या लेकराला पुढल्या शिबिरापर्यंत काही ऐकू येणार नाही. शहाण्या बाईनं आधी शिबिर होऊ दिलं असतं. मला कामं उरकून टाकायची सवय आहे. मी गुरुवारच ठरवला.

भाऊंनी त्या आठवड्यात मला चारदा एकच प्रश्न विचारला. "ताई, गावं जाग्यावर राहतीन ना?" पहिल्या वेळी मी साहेबांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, काहीच हलत नाही मॅडम. पुढच्या तिन्ही वेळी मी डोकं वर न काढता सांगितलं, "राहतील भाऊ. माझा शब्द."

गुरुवारी साहेब आले आणि चार कॉम्प्युटरना एकदमच कामाला लावलं. स्क्रीनवर नुसते टक्के वाढत होते. ऑफिस गप्प बसून टक्के बघत होतं आणि भाऊ कपाटाची मूठ धरून अमरावती-अकोला रस्त्यावरचे थांबे पुकारत होते. दहा टक्क्यांना, "बडनेरा, बडनेरावाले." पन्नासला, "मूर्तिजापूर. पाच मिनिटं थांबन." बहात्तरवर आकडा जो अडकला तो हलेचना. साहेबांना घाम फुटला. "बंद पडली," भाऊंनी जाहीर केलं. "पसिंजरनं उतरून चहा पिऊन घ्या." आम्ही खरोखर बाहेर जाऊन चहा प्यायलो आणि परत आलो तर बोरगाव मंजू मागे पडलं होतं. माझा कॉम्प्युटर आधी सुरू झाला. स्क्रीनवर कायम डाव्या कोपऱ्यात असणारं स्टार्टचं बटण आता मधोमध होतं. भाऊ वाकून म्हणाले, "ड्रायव्हरले मधात बसवलं का?" सगळे हसले. मग त्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला.

वऱ्हाड नव्हतं. निळं, गुळगुळीत चित्र होतं, आणि डाव्या कडेला वरून खाली, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी, फोल्डरांची रांगच रांग. भाऊंनी त्या निळ्या चित्रावरून एक बोट वाकडंतिकडं फिरवलं. मग म्हणाले, "पूर्णा कुठं गेली?"

"अहो काका, काहीच गेलं नाही," साहेब म्हणाले. "सगळ्या फायली आहेत. वर सर्च आहे, गावाचं नाव टाका." त्यांनी स्वतःच दर्यापूर टाकलं. काही आलं नाही. त्याच्या जवळचं येवदा टाकलं. काही नाही. तेव्हा आम्ही दोघांनी रांगेतली नावं वाचली. न्यू फोल्डर. न्यू फोल्डर दोन. न्यू फोल्डर तीन. असे एकशे बारा. सात वर्षांत भाऊंनी एकाही फोल्डरला नाव दिलं नव्हतं. आतल्या कागदांनाही स्कॅनरनं दिलेले आकडेच होते.

"भाऊ, नाव का नाही दिलं?"

"कायले पायजे, ताई? जागा होती ना."

मी आदल्या दिवशी सगळ्याचा बॅकअप घेऊन ठेवला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. उघडून पाहिला. तिथंही एकशे बारा न्यू फोल्डर सुखरूप होते.

मी आणि साहेब एकेक फोल्डर उघडून हातानं लिहिलेले अर्ज वाचू लागलो. अक्षर गावच्या गुरुजींचं, शाई पुसटलेली, आणि पिंपरी नावाची गावं चार. तासाभरात आमची सहा गावं लागली, त्यातलं दर्यापूरकडचं एक. भाऊ व्हरांड्यात जाऊन उभे होते. मी बाहेर गेले. माफी मागायची मला फारशी सवय नाही, म्हणून एका दमात म्हटलं, "भाऊ, मी शब्द दिला होता. तो मी नीट तपासला नाही. चुकलं."

"तुमी काय करान ताई," ते म्हणाले. "तुमी त् पसिंजर."

मला हे चांगलंच लागलं. पण उत्तर द्यायच्या आत आतून साहेब ओरडले, "मॅडम, चाळीस नंबर येवदा निघालं." भाऊंनी मान वळवली. "कोणता नंबर म्हणे?" "चाळीस." ते आत आले, कपाटाची मूठ धरली आणि डोळे मिटले. "मंग एकेचाळीस पाहा. वडनेर असन." साहेबांनी उघडलं. वडनेर होतं.

भाऊंनी डोळे उघडून ती रांग पहिल्यांदा नीट पाहिली. आमची गावांची पाहणी त्यांनी सुरुवातीला बसनंच केली होती. एक रूट धरायचा, शेवटच्या गावापर्यंत जायचं, परत येऊन त्याच क्रमानं फोल्डर करायचे, मग ते ओढून आपापल्या दिशेला नेऊन ठेवायचे. नव्या सिस्टिमनं नकाशा मोडला होता, पण नंबरवारी लावताना गावं पुन्हा बसमध्ये बसवून टाकली होती. "हे त् गाडी हाय, ताई," भाऊ हळू आवाजात म्हणाले, आणि पेन काढून डब्यावर दोनदा टकटक केली.

त्यानंतर जे झालं ते तिकीट काढूनही पाहायला मिळालं नसतं. भाऊ थांबे पुकारत होते, साहेब टाइप करत होते, मी उघडून ताडून बघत होते. ज्या गावात आमचं एकही लेकरू नाही तेही ते सोडत नव्हते: "थांबा हाय, पण आपलं कोणी उतरत नाई. चाला पुढं." साहेब मागे पडले की एक टक. दोनच ठिकाणी चुकले, तेही रस्ता नंतर बदलला म्हणून. मागाहून वाढलेली चार गावं शेवटी निघाली, त्यांना ते "जादा गाडी" म्हणाले. संध्याकाळी पाचला एकशे बारा फोल्डरांना नावं होती. अकोल्याच्या साहेबांनी जाताना भाऊंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तेव्हा भाऊ म्हणाले, "तुमी अकोल्यातच उतरता ना? मंग लवकर निघा, साडेपाचची भेटन."

शनिवारी दर्यापूरला अडतीसच्या अडतीस लेकरांचे कागद तज्ज्ञ बाईंच्या पुढ्यात होते. शेवटी एका पाच-सहा वर्षांच्या पोरीला यंत्र बसवलं. ती मख्ख बसून होती. लागलं की नाही कळेना. भाऊ तिच्या मागे गेले आणि बाकावर पेनानं दोनदा टकटक केली. पोरगी गर्रकन वळली. "निघाली गाडी," भाऊ म्हणाले आणि चहाला गेले.

सोमवारी त्यांनी नवीन स्क्रीनकडे बघत मला सांगितलं, "आता नावं हायेत, ताई. आता कोणालेबी सापडन." मी कसल्याशा पत्रावर सही करत होते. म्हटलं, "बरंच झालं की." मग आठवडाभर रिकाम्या वेळात ते एकेक गाव ओढून पुन्हा जाग्यावर नेत होते. कामाच्या दृष्टीनं त्याची काही गरज नव्हती, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. पावसाळा संपता संपता गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी काम सोडलं. आता नवराबायको पातूरला मुलीकडे असतात. तिथं कोणत्या दारानं चढतात, मी विचारलेलं नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरवर आता मी बसते. सर्चमध्ये नाव टाकते, कागद येतो. महिन्या-दोन महिन्यांनी भाऊंचा फोन येतो. तब्येत, पाऊस, हे काही नाही. थेट, "ताई, गावं जाग्यावर हायेत ना?" परवा आला तेव्हा ऑफिसात गर्दी होती, दुसऱ्या फोनवर कोणी तरी खोळंबलं होतं, आणि नवीन प्रिंटर बसवून गेलेल्या माणसाचं बिल माझ्या हातात होतं. मी तोंड उघडलं, मग थांबले. बिल खाली ठेवून स्क्रीनकडे वळले. चांदूर बाजार वर होतं. दर्यापूर, अकोला, कोपऱ्यात पातूर. पूर्णेच्या मधोमध प्रिंटर होता.

"ताई?"

"थांबा भाऊ, बघतेय," मी म्हटलं. प्रिंटर उचलून काठावर ठेवला, सगळं पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि सांगितलं, "हो. आहेत जाग्यावर."