बायनाबाईचं हळू गाणं

बोडीटोल्याच्या बायका रोवणीला उतरल्या की रांगेच्या उजव्या टोकाला बायनाबाई असायची. ती गाणं टाकायची आणि बाकीच्या ते झेलायच्या. धानाची रोपं चिखलात खोचत पंधरा-वीस बायका वाकून मागे मागे सरकतात, तेव्हा सगळ्यांचे हात एका चालीत ठेवायला गाणं लागतं, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायला गळा लागतो. बायनाबाईचा गळा असा होता की ती शेतमालक लच्छूभाऊंच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, गायली की तलावात जाळं टाकणारा तिचा नवरा इस्तारी डोंग्यात बसल्या बसल्या मान हलवायचा.

सत्त्याऐंशी सालच्या पौषात तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना आवाज घेऊन गेला. बोलण्यापुरता परत आला तोही सुताएवढा. कुणाला हाक मारायची तर ती ताटलीवर पळी वाजवू लागली.

"येईन, आवाज हळूहळू येईन," इस्तारी म्हणायचा.

माघ लागला तरी आवाज आला नाही. बायनाबाईच्या मनात एकच होतं: आखाडात रोवणी निघेल, आणि आपल्या जागी टोकाला रंभा उभी असेल. रंभा तिच्या चुलतदिराची सून, तरणीताठी, मनाची मोकळी, आणि आवाज असा की बैल दचकावेत.

त्याच माघात तलावाच्या पाळीवरच्या जुन्या बंगल्यात एक गोरी बाई राहायला आली. हेलेना तिचं नाव. गाव तिला हेलनबाई म्हणू लागलं. तलावावर उतरणारी पाखरं बघायला ती दूरच्या कुठल्या थंड देशातून आली होती. तिच्यासाठी भात-भाजी रांधायचं काम बायनाबाईकडे आलं.

दुपारी जेवण झालं की हेलनबाई व्हरांड्यात टेपरेकॉर्डर लावायची. पहिल्या दिवशी बायनाबाई मागे भांडी घासत होती. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी खुदकन हसलं. तिने वाकून पाहिलं, तर व्हरांड्यात हेलनबाई एकटी, आणि तिचं तोंड मिटलेलं. हसू टेपमधलं होतं. त्यामागून गिटार सुरू झाली, भराभर, उथळ पाण्यात झिंगे उडावेत तशी, आणि त्या उड्यांमधून एक पोरगी गाऊ लागली.

बायनाबाईला वाटलं, यंत्रच बिघडलं.

"बाई, सेल गेले वाटते. आवाज नाई येऊन राह्यला."

हेलनबाईला मोडकीतोडकी हिंदी येत होती. "नहीं, नहीं. ऐसा ही है," ती हसून म्हणाली. "मेरा दोस्त लोग है. घर में बनाया. छोटा कमरा."

घरी केलेलं गाणं! बायनाबाई राखेचे हात तसेच घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली. सिनेमातली बाई गाते ती जणू उंच माडीवरून. ही पोरगी शेजारच्या घरात तांदूळ निवडता निवडता गात असावी तशी वाटत होती. गळ्यात जोर नव्हता. एका जागी सूर घसरला, पण ती काही थांबली नाही, घसरलेल्या सुरासकट पुढे गेली. गाणं तोंडात खडीसाखर विरघळावी एवढ्या वेळात संपलं, आणि बायनाबाईच्या ध्यानात आलं की आपण मघापासून पायाचा अंगठा हलवतो आहोत. एवढासा आवाज, आणि त्यात एवढा आनंद मावला कसा?

त्या दिवसापासून तिच्या दुपारी बदलल्या. फागुन गेला, चैत आला, मोहाचा वास पाळीवर दाटून राहू लागला. तलावाचं पाणी पांढरं चमकायचं, कमळाच्या पानांवर पाणकोंबड्या अलगद पाय टाकत चालायच्या, आणि ते घरगुती गाणं पाण्यावरून पार पलीकडच्या पळसांपर्यंत जायचं. बायनाबाईचे डोळे मिटायचे. अर्ध्या झोपेत तिला तो छोटा कमरा दिसायचा. तिने तो आपल्या सामानातूनच उभा केला होता: सारवलेली भिंत, खुंटीला सूप, दारातून आत-बाहेर करणारी कोंबडी, आणि भुईवर मांडी घालून बसलेल्या गोऱ्या पोरी. एकीला हसू आवरत नाही. कुणी कुणाला रागावत नाही. झोप उडाली तरी तो कमरा काही वेळ व्हरांड्यात रेंगाळायचा.

उन्हं तापली, पाखरं गेली, हेलनबाईही निघाली. जाताना तिने ती कॅसेट बायनाबाईच्या हातात ठेवली. वरच्या कागदावर हिरव्या शाईने एक वाकडं फूल काढलं होतं. बायनाबाईच्या घरी टेपरेकॉर्डर नाही, हे हेलनबाईच्या डोक्यात आलं नाही, आणि बायनाबाईनेही सांगितलं नाही.

कॅसेट कोनाड्यात देवाशेजारी जाऊन बसली.

"वाजत नाई, खाता येत नाई," इस्तारी म्हणाला. "काय करशील वो इचं?"

तिने पदराने कॅसेटवरची धूळ पुसली. मग एका दुपारी तो जाळं सांधत बसला होता आणि ती सूप घेऊन धान पाखडत होती, तेव्हा त्याचा हात थांबला.

"हे कोणतं गाणं होय?"

"त्या डब्बीतलं."

"डब्बी त बंद आहे."

बायनाबाईने सूप खाली ठेवलं. आपण गुणगुणत होतो, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आखाड उजाडला. लच्छूभाऊंच्या मोठ्या बांधीत रोवणी लागली. टोकाला रंभा उभी राहिली, पण एकदा बायनाबाईकडे पाहून.

"मोठीमाय, तू टाकतं का?"

"माह्या गळ्यात काय राह्यलं? टाक तू."

रंभाने गाणं टाकलं. आवाज मोठा होता, बांधीपार गेला. पण दोन कडवी झाली की तिचा दम जायचा, आणि रांग विस्कटायची. तिसऱ्या खेपेला ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "मायवो, वाकून गाणं म्हणजे गजबच हाय! बायनामाय कशी करे?"

बायका हसल्या. मग रांगभर नुसता चिखलाचा पचक-पचक आवाज राहिला. बायनाबाई मधेच कुठेतरी वाकली होती. पाण्यात आभाळ पडलं होतं, ढग तिच्या मनगटांमधून सरकत होते. हात चालत होते आणि हातांखाली ती गिटार कधी सुरू झाली, तिला कळलं नाही. तिच्या तोंडून आधी हसू फुटलं, मग शब्द, गावच्या बोडीचे, तळ्याचे:

बोडीच्या पाण्यात वो, बोडीच्या पाण्यात,
कोण पोट्टी हासते वो, बोडीच्या पाण्यात.

आवाज सुताएवढाच होता. फक्त डावी-उजवीकडच्या दोघींना ऐकू गेला. चाल नवी, उड्या मारणारी; त्या दोघींचे हात पळू लागले. पलीकडची म्हणाली, "काय वो, काय म्हणते?" आणि ऐकायला एक पाऊल आत सरकली. तिच्यामागे दुसरी. शेवटी रंभाही टोक सोडून चिखल तुडवत आली आणि बायनाबाईला जवळजवळ खेटून वाकली. सूर घसरला, तशी बायनाबाई त्याच्यासकट पुढे गेली. सगळ्या जणी हळूच झेलत होत्या; मोठ्याने झेललं तर पुढची ओळ बुडाली असती.

"अवो बायांनो!" बांधाच्या धुऱ्यावरून लच्छूभाऊ ओरडले. "रोवा लावून राह्यल्या का परे टाकून राह्यल्या? एवढा दाट?"

सगळ्यांनी मान वर करून समोर पाहिलं. बांधीच्या मधोमध रोपं नर्सरीतल्यासारखी गच्च उभी होती, आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी.

"भाऊ, दूर उभं राह्यलं त ऐकू नाई येत!" रंभा म्हणाली.

"काय ऐकू येत नाई?"

"तुमी बी या ना चिखलात, मंग समजीन."

लच्छूभाऊ धोतर सावरत दोन पावलं खाली आले. बायनाबाई लाजून थांबली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दाट रोव्याकडे पाहिलं, आणि डोक्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"बायनाबाईले मधातच राहू द्या," ते म्हणाले. "तिनं दोघींले सांगावं, त्याहीनं पुढच्या दोघींले. पण हात-हात अंतर ठेवा वो. धानाले बी श्वास घ्या लागते."

तेव्हापासून बोडीटोल्याच्या रोवणीत गाणं मधून निघू लागलं आणि दोन्ही टोकांना थोडं उशिरा पोचू लागलं.

कार्तिकात धान पिवळं झालं, तेव्हा इस्तारीने तिला पाळीवर नेऊन दाखवलं. सगळी बांधी सारखी डुलत होती, फक्त मधला एक पट्टा गच्च, लोंब्या जरा बारीक, एकमेकींना टेकलेल्या. वारा आला की तो पट्टा बाकीच्या धानानंतर, जरा उशिरा हलायचा.

"तुह्यं गाणं," इस्तारी म्हणाला.

बायनाबाईने त्या पट्ट्याबरोबर मान हलवली. मग खुदकन हसली, आणि इस्तारी ऐकायला एक पाऊल जवळ सरकला.