हे बाळंतपण नव्हतं

ऑपरेशनहून घरी आले तेव्हा मी वाकून चालत होते. सरळ उभं राहिलं की पोटाची शिवण ताणायची, म्हणून डॉक्टरांनीच तसं चालायला सांगितलं होतं. पण रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत कारण विचारतं कोण? समोरच्या काकू ओट्यावरूनच ओरडल्या, "का वं, बारीक व्हायले गेली होती न तू? आली तर कुबडी होऊन!" बाया हसल्या. मीही हसले, आणि हसताना पोटात अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

मला काही हिरोईन व्हायचं नव्हतं. जुळ्यांच्या नंतर पोट जागेवर आलंच नाही. कातडी लोंबायची, तिच्याखाली उन्हाळाभर चट्टे उठून चिघळायचे, कंबर सतत दुखायची. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, व्यायामाने जुळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी नववीतून शाळा सोडलेली. मला एवढं कळलं की आतून शिवायचं आणि वरची जास्तीची कातडी कापायची.

डॉक्टर चांगले होते. पण त्यांच्या खोलीबाहेर टेबलामागे एक पोरगी बसायची. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. आधीचं पोट, नंतरचं पोट. "दीदी, दो हफ्ते में एकदम फिट. साड़ी पहन के घूमना." मधलं काहीच नाही. पोटातून नळी निघेल, तिच्या टोकाच्या डबीतलं लालसर पाणी रोज फेकावं लागेल, हे तिने सांगितलं नाही. बेंबीखाली हात लावला तर दुसऱ्याच कोणाचं अंग वाटेल, हे नाही. संध्याकाळी सूज इतकी चढेल की काही कापलंच नाही असं वाटेल, हेही नाही. पोरं उचलून घे म्हणून हात वर करतील आणि मला भिंतीकडे तोंड फिरवावं लागेल, हे तर नाहीच नाही.

माझं माहेर तिकडे यवतमाळकडे, आणि तिथं आता आई नाही. नवरा रेल्वेत, अर्धा वेळ लाइनवर. रायपुरात माझं म्हणून जे माणूस आहे ते सासूच. त्यांना मी आईच म्हणते. माझं अंग पुसणं, नळीची डबी रिकामी करणं, पोरांना भरवणं, सगळं त्यांनी केलं, एकदाही नाक न मुरडता. म्हणूनच पुढचं जड गेलं.

कारण आईंनी माझं बाळंतपण मांडलं. डिंकाचे लाडू झाले, खाटेखाली ओव्याची धुरी झाली. मी लाडू खाल्ले, धुरीही घेतली. मग डॉक्टरांनी नळी काढल्यावर एका सकाळी, अंग पुसताना सोडलेला पोटाचा पट्टा परत मिळेना. दवाखान्याचा तो रुंद पट्टा दिवसरात्र घालायचा होता. त्याऐवजी खाटेवर जुन्या लुगड्याची लांब पट्टी, वाटीत कोमट तिळाचं तेल, आणि दारात पुरानी बस्तीतली मालिशवाली. जुळ्यांच्या वेळी मला चोळणारी तीच.

"आई, पट्टा कुठे आहे?"

"वास मारून राहिला होता. धुऊन गच्चीवर टाकला. इलास्टिकनं का पोट बसते? ही चोळून देते, मंग मी लुगडं कसून बांधतो."

"हव बहिनी," मालिशवाली म्हणाली, "एकदम चप्पट कर दूँगी."

आतले टाके सुटले तर पुन्हा उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी क्षणभर मी तशीच पडून राहिले. इतकं करणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? मग तो तेलकट हात पोटावर टेकला.

"हात नका लावू!" मी अशी ओरडले की या घरात कधी ओरडले नव्हते. "मी बाळंतीण नाही! मले कापलं आहे, आतून शिवलं आहे. हे उसवलं तर ऑपरेशनच्या टेबलावर मलेच झोपावं लागन, तुम्हाले नाही!"

आईंच्या हातात लुगडं तसंच राहिलं. "मी का तुले मारून राहिली?"

"नाही. तुम्ही इतकं करता म्हणूनच बोलता येत नाही मले."

त्या गच्चीवर गेल्या. मालिशवालीने हात पुसला, "त मैं गोड़ दबा देथंव," म्हणाली आणि माझ्या पायाशी बसून पाय चेपू लागली. आई ओला पट्टा घेऊन खाली आल्या आणि वाळेपर्यंत कूलरपुढे धरून बसल्या. मग माझ्या कमरेभोवती घातला. "किती कसू? तूच सांग."

पुढच्या तपासणीला त्या सोबत आल्या. टाके शाबूत होते. सूज उतरायला महिने लागतील, डॉक्टर म्हणाले, आणि कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची रेघ फिकी होईल, जाणार नाही. बाहेर आलो तर ती पोरगी दुसऱ्या एका बाईला तेच फोटो दाखवत होती. आई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "क्यों ओ पोट्टी, महीने लगते हैं तो दो हफ्ते काहून बोली?"

"माताजी, सबका अलग-अलग रहता है."

माझं डोकं तापलं. मी वाकलेलीच त्या बाईजवळ गेले. "दीदी, बीच का नहीं दिखाया न इसने? मैं दिखाती हूँ." आणि कुर्ता वर करून पट्टा सोडला.

"मॅडम, यहाँ नहीं!" पोरगी उठून आली. आई तिच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि ती बाई खाली वाकून माझं पोट नीट पाहू लागली.